जुन्या फायबरच्या बोटीचा डेक पायाखाली दबतोय, आतला बाल्सा सडलाय का?

आजवारोड (मार्चचा दुसरा आठवडा)

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण नीट सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळंच लिहितो.

काकांनी १९८९ साली मुंबईहून १६ फुटी फायबरची बोट आणली होती. पुढे बंद डेक, मध्ये दोन आडवी बाकं, मागे इंजिन लावायची फळी. चांदोदला नर्मदेत आणि सिंधरोटला महीत आमचं बालपण तिच्यात गेलं. वल्हं धरायला काकांनी शिकवलं, ते तिच्यावरच. काका गेल्या वर्षी गेले आणि काकूंनी बोट माझ्या हवाली केली. तोवर ११ वर्षं ती सिंधरोटकडच्या शेतात कडुलिंबाखाली होती. ताडपत्री कधीच फाटून गेली होती.

आता पुढच्या डेकवर उभं राहिलं की पाय दबतो, वाळवी लागलेली माडीची फळी दबते तसा. उजव्या बाजूच्या दोरी बांधायच्या खुंट्याशी जोर दिला तर स्क्रूभोवतून तपकिरी पाणी येतं. मागच्या फळीवर दोन बारीक उभ्या चिरा आहेत.

शहरातल्या एका फायबरवाल्याला आणून दाखवलं. तो म्हणाला, ‘उपरथी बे पड मारी दईए, पथ्थर जेवुं थई जशे.’ वरून दोन थर, ४ दिवसांत काम पूर्ण. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे सांगता येईना.

आणखी एक. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या बडोद्यातल्या हरणीच्या तळ्यात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. माझी मुलगी त्याच वयाची आहे. बोट आतून पक्की आहे असं मला स्वतःला खात्रीनं म्हणता आलं नाही, तर ती पाण्यात जाणार नाही. म्हणून विचारतोय: हे घरी होण्यासारखं काम आहे का, आणि सुरुवात कुठून करू?

---

जयगडखाडी

तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. डेक म्हणजे सँडविच. वर फायबरची पातळ कातडी, खाली तशीच एक, मध्ये हलकं लाकूड, म्हणजे बाल्सा. दोन कातड्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर घट्ट धरून ठेवणं हे मधल्या लाकडाचं काम, आणि डेकची ताकद त्या अंतरातून येते. मधलं लाकूड सडलं की दोन्ही कातड्या सुट्या होतात. वरून आणखी दोन थर मारले तर वरची कातडी जाड होईल, वजन वाढेल, आतलं पाणी कायमचं कोंडलं जाईल. सडणं थांबणार नाही.

आधी नकाशा काढा. प्लास्टिकच्या मुठीची छोटी हातोडी घ्या, नसेल तर स्क्रूड्रायव्हरची मूठ. वीतभर अंतरानं सगळ्या डेकवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येईल. सुटलेल्या जागी बद्द, फुटक्या मडक्यासारखा. जिथे आवाज बदलतो तिथे खडूनं खूण करा आणि खुणा जोडा. हा नकाशा नेहमी एखाद्या स्क्रूभोवती किंवा झाकणाच्या काठाभोवती सुरू होतो. पाणी डेकमधून झिरपत नाही, भोकांतून शिरतं.

मग खालच्या बाजूनं, म्हणजे बोटीच्या आतून, ५ मिमीचं ड्रिल घ्या. बिटला टेप गुंडाळून खोली ठरवा, म्हणजे वरची कातडी फुटणार नाही. निघणारा भुसा तळहातावर घेऊन बघा. फिकट आणि कोरडा असेल तर बाल्सा शाबूत. ओला पण फिकट असेल तर पाणी शिरलंय, सड नाही. चॉकलेटी लगदा आला तर तो भाग गेला. ओलावा मोजायचं यंत्र कोणी दिलं तर त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. खाली बोल्ट किंवा धातूची पट्टी असली की ते उगाच जास्त दाखवतं.

---

सूरसागर

एवढी तोडफोड कशाला? आमच्या ओळखीत एकांनी डेकवर दर ३ इंचांवर भोकं पाडली, आठवडाभर उन्हात ठेवलं, मग पातळ एपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारं चिकट रेझिन) सिरिंजनं भरलं. डेक कडक झाला. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश असतं, वाळायला अजून काय हवं?

---

पातं_हालोल

सूरसागर, तुमच्या अनुभवाचा मान राखून वेगळं मत मांडतो. मी पवनचक्कीच्या पात्यांच्या कामात आहे. पात्याच्या कवचातही हाच बाल्सा वापरतात, त्यामुळे याच्याशी रोजचा संबंध.

बाल्सा डेकमध्ये फळीसारखा आडवा घातलेला नसतो. त्याचे चौकोनी ठोकळे असतात, तंतू उभे, एका कातडीपासून दुसरीकडे जाणारे. ठोकळे एका जाळीवर चिकटवलेले असतात म्हणून तक्ता गोलाईवर वाकतो. उभ्या तंतूंमुळे पाणी एका ठोकळ्यातून शेजारच्यात सहजी जात नाही, हा बाल्साचा गुण. पण ठोकळ्यांमधल्या फटी कारखान्यात रेझिननं भरल्या नसतील तर पाण्याला त्या गल्ल्या मोकळ्या मिळतात. आपल्या जुन्या शहरातल्या मांडवीत पाणी तुंबलं की गल्लीबोळांतून कुठवर जातं, तसंच.

आता भोकांची गोष्ट. ५ मिमीच्या भोकाखालचा ठोकळा वाळेल. दीड इंचावरच्या ठोकळ्यावर वरूनही फायबर, खालूनही फायबर. ऊन ४२ असो की ४५, त्यातली वाफ जाणार कुठून? त्या ओल्या लाकडावर एपॉक्सी धरत नाही. सिरिंजनं भरलेलं रेझिन मोकळ्या पोकळीत जातं आणि तिथे कडक गोळे होतात. पायाला डेक कडक लागतो, पण त्या गोळ्यांच्या मधे लगदा तसाच असतो. २० टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की बुरशीला पुरतं.

पाणी नुकतंच शिरलंय, लाकूड फिकट आहे, जागा हातभर आहे, अशा वेळी भोकं पाडून सावकाश वाळवणं जमू शकतं. ११ पावसाळे खाल्लेल्या बोटीत मी ते करणार नाही. उघडा.

---

आजवारोड (४ दिवसांनी)

नकाशा काढला. डेकचा उजवा अर्धा आणि डावीकडचा थोडा भाग, मिळून साधारण १४ चौरस फूट बद्द वाजतो. ९ भोकं पाडली. ५ ठिकाणी चॉकलेटी लगदा, २ ठिकाणी ओला फिकट भुसा, २ ठिकाणी कोरडा. लगद्याला भिजलेल्या पालापाचोळ्यासारखा वास होता. खरं सांगतो, हात थांबला. काकांनी दर दिवाळीला या बोटीला पॉलिश केलं होतं आणि आतून ती अशी होत होती.

कापायचं ठरवलंय. पण रेझिन कुठलं? फायबरवाला पॉलिएस्टर म्हणतो, इथे सगळे एपॉक्सी म्हणतायत.

---

मकरपुरा_लायनिंग

यावर मी बोलू शकतो. २२ वर्षं केमिकलच्या टाक्यांना आतून एफआरपी (फायबर आणि रेझिनचं) लायनिंग करतोय. नंदेसरीपासून हालोलपर्यंत टाक्या बघितल्या.

पॉलिएस्टर वाईट नाही. तुमची बोट त्याच्याचीच बनलीय. पण ओल्या थरावर ओला थर चढतो तेव्हा ते एकजीव होतं. ३५ वर्षांपूर्वी कडक झालेल्या फायबरवर नवं पॉलिएस्टर फक्त खरखरीला धरून बसतं. एपॉक्सीची जुन्या फायबरवरची पकड स्पष्ट जास्त असते, आणि लाकडावरची तर खूपच. तुमच्या कामात दोन्ही आहेत. टाकीला मी एपॉक्सी वापरणार नाही, तिथलं गणित ॲसिडचं. इथे वापरा.

एक चूक आमचे मुलगेही करतात. एपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट (फायबरच्या आखूड तुकड्यांची चटई) घेऊ नका. त्या मॅटचे धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठ राहते आणि आत हवा कोंडते. विणलेलं कापड घ्या, नाहीतर शिवलेलं ४५ अंशांचं बायॲक्सियल (दोन तिरप्या दिशांच्या धाग्यांचं), चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं.

आणि तरीही कोणी पॉलिएस्टर वापरणार असेल तर हे वाचा. आपल्याकडे दुकानदार रेझिनबरोबर दोन बाटल्या देतो, जांभळा कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर, म्हणजे एमईकेपी. या दोन बाटल्यांतलं एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. दोघांना एकच चमचा किंवा एकच माप वापरायचं नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो, चष्म्याशिवाय बाटली उघडू नका.

---

निजामपुरा_ताई

दादा, कामाचं तुम्ही बघालच, मी शरीराचं सांगते. माझ्या मिस्टरांनी ६ वर्षं एपॉक्सी उघड्या हातांनी हाताळलं. काही झालं नाही, काही झालं नाही म्हणत राहिले आणि मग एका दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. आता नुसत्या वासानं डोळे सुजतात. डॉक्टर म्हणाले, ही ॲलर्जी एकदा बसली की उतरत नाही. त्यांना तो धंदा सोडावा लागला.

नायट्राइलचे हातमोजे घ्या, फाटले की लगेच बदला. हाताला लागलं तर ॲसिटोननं पुसू नका, ते रेझिनला कातडीत शिरायला मदत करतं. आधी कोरड्या कापडानं, मग साबणपाण्यानं. घासताना साधा कापडी मास्क चालत नाही, धुळीचं फिल्टर असलेला रबरी मास्क लागतो आणि रेझिनच्या वेळी वाफेचं काडतूस. फायबरची कूस अंगाला लागली तर आधी गार पाण्यानं धुवा, चोळू नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. मुलगी शेतावर येणार असेल तर घासायच्या दिवशी नको.

---

जयगडखाडी

ताईंचा प्रतिसाद छापून भिंतीला लावा.

आता काम. कापायच्या आधी डेकला खालून टेकू द्या, फळी आणि बांबू लावून. वरची कातडी काढली की डेकचा बाक, म्हणजे गोलाई, उतरतो, आणि तुम्ही सपाट झालेल्या आकारावर नवं लाकूड चिकटवाल. मग तो बाक परत येत नाही.

कापणी वरून. ग्राइंडरला पातळ चकती लावा आणि वरची कातडी जेवढी जाड तेवढंच आत जा. कोपरे गोल ठेवा. बद्द भागाच्या २ इंच बाहेर रेषा मारा, म्हणजे चांगल्या लाकडात पोचल्याची खात्री होते. डेकच्या कडेपासून मात्र आत राहा, जोड द्यायला काठ उरला पाहिजे. निघालेला वरचा तुकडा जपून ठेवा, तोच परत बसवायचाय.

सडलेला भाग हातानं निघेल. जो निघत नाही तो बहुतेक चांगला असतो, त्याला पटाशीनं तासा आणि मनात शंका आली तर काढून टाका. खालची कातडी ४० नंबरच्या कागदानं घासा, चमक राहता कामा नये. मग ती वाळू द्या. हा उन्हाळा इथे वापरा, उघड्या कातडीवर उन्हाचा खरा उपयोग होतो.

नवा बाल्सा आधी कोरडाच बसवून बघा. मग त्याच्या दोन्ही तोंडांना पातळ एपॉक्सी पाजा. उभे तंतू असल्यानं तो घटाघटा पितो. चिकटवायच्या एपॉक्सीत नुसतं रेझिन ठेवलंत तर लाकूड तेही पिऊन टाकेल आणि जोड कोरडा पडेल. पाजलेला थर चिकट असतानाच खालच्या कातडीवर सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं एपॉक्सी पसरा. किती घट्ट? चक्क्याएवढं. चमचा उभा राहिला पाहिजे, पण दाबलं की फटींत शिरलं पाहिजे. ठोकळ्यांमधल्या फटी भरल्याच पाहिजेत, त्याच तर गल्ल्या. वर प्लास्टिकचा कागद घाला आणि वाळूच्या पिशव्या रचा.

दुसऱ्या दिवशी जुना तुकडा त्याच चक्क्यावर परत बसवा. आता कापाची रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना उतार घासायचा, जाडीच्या १२ पट. कातडी ३ मिमी असेल तर प्रत्येक बाजूला ३६ मिमी, म्हणजे ७२ मिमी रुंद उथळ पन्हळ होईल. तीत कापडाच्या पट्ट्या, एकीवर एक, वेगवेगळ्या रुंदीच्या. ६०० ग्रॅमच्या ४ पट्ट्यांनी ३ मिमी भरून निघतं. लोक हा उतार आखूड करतात, कारण घासायचा कंटाळा येतो. जोडाची सगळी ताकद त्या उतारात आहे.

---

पातं_हालोल

दोन गोष्टी जोडतो. बडोद्यात सहज मिळणारी एपॉक्सीची जोडी म्हणजे रेझिन एलवाय ५५६ आणि हार्डनर एचवाय ९५१, वजनानं १००:१०. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, डोळ्यांनी मोजू नका. १० ग्रॅमच्या जागी १२ गेलं तर ती २० टक्क्यांची चूक आहे. ‘लवकर वाळावं’ म्हणून हार्डनर वाढवायचा नाही, एपॉक्सी त्यानं लवकर वाळत नाही, कच्चं राहतं.

तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. त्यामुळे रेझिनचं काम पहाटे, सावलीत. एका वेळी २०० ग्रॅमच्या आत कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात त्याची स्वतःची उष्णता साठते.

---

आजवारोड (एप्रिलअखेर)

डेक उघडला. १४ नाही, १७ चौरस फूट निघाला. कारण सापडलं: दोरीचा खुंटा ४ स्क्रूंनी थेट बाल्सात बसवला होता, भोवती काहीही भरलेलं नव्हतं. सगळी सड त्या ४ भोकांपासून पंख्यासारखी पसरलेली, आणि डावीकडचा डाग दिव्याच्या तारेच्या एका भोकापासून. चार आण्याचं सील लावलं असतं तर ३५ वर्षं काही झालं नसतं, हे बघून फार वाईट वाटलं.

पातं_हालोल, तुमचं न ऐकल्याची शिक्षा मिळाली. सकाळी साडेदहाला डब्यात ४०० ग्रॅम कालवलं. ८ मिनिटांत डबा हाताला पोळला, धूर निघाला आणि प्लास्टिक वितळलं. सुदैवानं मातीवर ठेवला होता. आता पहाटे ५ ला सुरू करून ८ ला थांबतो.

मागच्या फळीत ड्रिल घातलं. तिथे बाल्सा नाही, प्लायवूड आहे, आणि तेही खालून वीतभर काळं पडलंय. त्याचं काय?

---

मकरपुरा_लायनिंग

ती फळी म्हणजे ट्रान्सम. इंजिनाचं वजन आणि ढकल दोन्ही तिच्यावर येतात, तिथे तडजोड नको. बाल्साही नको, बोल्ट आवळले की तो दबतो. १९ मिमीचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून ३८ मिमी करा. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघा, तो मरीन प्लायचा. त्याचा तुकडा ७२ तास उकळून तपासतात. आयएस ३०३ फर्निचरसाठी असतो, दुकानदार ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून तोच देईल. फिनॉलचा वास येतोय आणि मधल्या थरांत पोकळी नाही, हे काठावर बघून घ्या.

बोटीच्या आतल्या बाजूनं उघडा, बाहेरची कातडी आकारासाठी राहू द्या. प्लायच्या कापलेल्या कडांना ३ वेळा एपॉक्सी पाजा. पाणी कडेनंच शिरतं. आतल्या कोपऱ्यांना बोटाच्या गोलाईएवढा एपॉक्सीचा भराव द्या, काटकोनात कापड वाकत नाही. आणि काढण्याआधी वरच्या काठाची उंची मोजून ठेवा. छोट्या दांड्याच्या इंजिनाला १५ इंच लागते, लांब दांड्याला २०.

---

सूरसागर

आजवारोड, फोटो बघितले. आमच्या त्या ओळखीच्या बोटीला काल हातोडी लावून आलो. भोकं भरलेल्या जागांच्या मधे बद्दच वाजतंय. त्यांना या धाग्याचा दुवा दिलाय.

एक प्रश्न: खुंटा परत बसवताना पुन्हा तेच होणार नाही का?

---

जयगडखाडी

होणार नाही, जर भोक असं केलंत तर. ६ मिमीचा बोल्ट असेल तर वरची कातडी आणि लाकूड १२ मिमीच्या बिटानं पाडा, खालची कातडी शाबूत ठेवा. एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलला लावा आणि आत फिरवा, कातड्यांच्या मधलं लाकूड आणखी थोडं कोरलं जाईल. पातळ एपॉक्सी पाजा, मग घट्ट एपॉक्सीनं पूर्ण भरा. कडक झालं की मधोमध ६ मिमीचं भोक आरपार. आता बोल्टभोवती एपॉक्सीची भरीव गोटी आहे, सील उद्या गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. खुंट्याखाली आतून रुंद पट्टी द्या. बोटीवरचं प्रत्येक भोक असं करा, नावाच्या पाटीच्या स्क्रूसकट.

---

आजवारोड (जूनचा दुसरा आठवडा)

ढग आलेत, पण डेक बंद झाला. क्रमानं सांगतो.

बाल्सा १२ मिमीचा बसवला. पट्ट्या चढवायला ५ पहाटा गेल्या. मधे एकदा रात्री दमट हवा होती तर सकाळी एपॉक्सीवर मेणासारखा ओशट थर आला. सुदैवानं पुढचा थर द्यायच्या आधी इथे विचारलं. पातं_हालोल यांच्या सांगण्यावरून पाण्यानं आणि घासणीनं धुतला, वाळवला, मग घासला. तसाच राहिला असता तर पुढचा थर धरला नसता. रंगासाठी पॉलिएस्टर जेलकोट (बाहेरचा रंगीत रेझिनचा थर) नको म्हणालात म्हणून एपॉक्सी प्रायमर आणि वर दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिला. रंगाशिवाय एपॉक्सी उन्हात पिवळं होऊन फुटतं हे त्या फायबरवाल्यालाही सांगितलं. तो बघायला आला होता, उताराच्या पट्ट्या त्यानं वाकून नीट पाहिल्या.

बाकांखालचा पिवळा फोमही पिळल्यावर पाणी देत होता, तो काढून नवा बंद पेशींचा, पाणी न पिणारा घातला. ट्रेलरसकट काट्यावर मार्चमध्ये ६४० किलो भरलं होतं, काल ५७० भरलं. ७० किलो पाणी आणि सड आम्ही ओढत होतो.

काल काकूंना शेतावर नेलं. त्यांनी हातोडी मागून घेतली आणि पुढच्या टोकापासून ठोकत गेल्या, खुंट्यापाशी जास्त वेळ थांबल्या. सगळीकडे एकच आवाज आला. मग डेकवर वाळूच्या ४ पोती, २०० किलो, रात्रभर ठेवली. खालून सूत ताणून बघितलं, बाक हलला नाही.

ट्रान्समचं आतलं कापड पूर्ण झालंय, इंजिनाचे बोल्ट बाकी आहेत. नोंदणीचं बघतोय, २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात इंजिनाच्या बोटीला ती लागते. मुलीच्या मापाचं जॅकेट मात्र आणून ठेवलंय.

---

निजामपुरा_ताई

जॅकेट घालून घरच्या अंगणात पट्टे ओढून बघा, खांद्यातून वर उचललं तर निसटता कामा नये. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावायची सवय आत्ताच लावा.

---

जयगडखाडी

पावसाळ्यात बोट नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, उंच ठेवा, मागचं बूच काढून ठेवा, म्हणजे पडलेलं पाणी निघून जाईल. ताडपत्री अंगाला चिकटवू नका, मधे बांबू घालून तंबूसारखी ताणा, खालून वारा खेळला पाहिजे. इंजिनाच्या बोल्टची भोकं दमट हवेत एपॉक्सीनं भरू नका, आठवडाभर उघाड मिळाली तरच. सप्टेंबरात सगळीकडे पुन्हा हातोडी फिरवा, विशेषतः ट्रान्समच्या खालच्या वीतभरात, आणि काय वाजतं ते इथे लिहा.